डावी धार

शनिवारी बाजारात लोखंड किलोनं मिळतं.
पंचेचाळीस रुपये. गंजाचे पैसेही आपणच भरायचे.
पंख्याची पाती, सायकलची फ्रेम, नळाची मान,
आणि त्या सगळ्याखाली, पोटावर पडून, एक सत्तूर.

मी वीज मंडळात मीटर वाचायचो. एकतीस वर्षं.
आकड्यांखेरीज कशालाही हात लावला नाही.
आता घरात अडतीस पावश्या, तेरा सराटे,
शेळीच्या शिंगाच्या मुठीची एक सुरी,
आणि एक सांडशी, जिचा एक ओठ दुसऱ्याहून बुटका.
बायको म्हणते, पाहुणे बसवू कुठे?

सत्तुराला रॉकेलमध्ये निजवलं. चार दिवस.
मग राख, नारळाची शेंडी, मग नुसता अंगठा.
गंजाखालून हातोड्याचे घाव वर आले,
डबक्यात थेंब पडताना दिसतात तसे.
पाठीवर तीन टिंबं आणि एक कोयरी:
सही न येणाऱ्या कुणाची तरी सही.
पोलाद बहुधा छोट्या लाइनीवरच्या वाघिणीच्या कमानीचं.

धार लावली. आठ दिवस लावली.
मूठ मात्र हातात बसेना,
अंगठ्याचा खळगा नको त्या बाजूला.
मी सुताराला शिव्या घातल्या.

भंगारवाला म्हणाला, गड्डीगोदामातला माल आहे तो.

दुर्पताबाईंनी फडकं उलगडलं, पाहिलं,
आणि आधी दार लोटून घेतलं.
"हे कायले आणलं जी परत?
पोरीची सोयरीक जमली तवा इकलं होतं.
पोरगा बँकेत आहे. त्याले नका सांगू."

सुंदर आहे, मी म्हणालो.
तो शब्द त्या खोलीत उभाच राहिला,
त्याला कुणी बस म्हणेना.

मग त्यांनी सत्तूर उचलला. डाव्या हातात.
खळग्यात अंगठा असा गेला
की मी माझा हात पाठीमागे नेला.

"बाबा डावरा होता.
झिंगरू लोहार म्हने, तुले उलटीच धार देतो.
सारा बाजार तिकडून कापे, बाबा इकडून.
पहाटे चारले चिंचेच्या ओंडक्यावर पहिला ठोका,
त्याच आवाजानं मी शाळेसाठी उठो.
शाळेत कोनी जवळ बसे नाही, ते वेगळं."

नखावर पातं टेकवून त्या थांबल्या.
"धार कोनं लावली?"
मी.
"चुकीच्या अंगाले लावली तुम्ही."

मोरीशी बसल्या. पदर खोचला.
दगडी पायरीच्या काठावर पाणी शिंपडलं
आणि माझे आठ दिवस घासून काढू लागल्या,
न बघता, दोन बोटांनी कोन मोजत.

बाहेरून कुणीतरी विचारलं, काय चाललं वहिनी?

"काई नाही," हात न थांबवता त्या म्हणाल्या,
"भाजीची पावशी घासून रायली."