शून्य सेकंद

केमीत जानेवारीची दुपार तीनपर्यंतही टिकत नाही.
मी बूट दारात काढले,
साबणाच्या वडीएवढा पांढरा गेटवे राउटरशेजारी ठेवला
आणि घरातले अकरा दिवे
एकेक करून त्याच्या ओळखीचे केले.
स्वयंपाकघर एक. स्वयंपाकघर दोन. सौना. जिना.
दिव्यांना नावं द्यावी लागतात.
आउनेबाईंनी मात्र नावं ठेवली.

वेइक्को आणि आउने, दोघंही जन्मापासून बहिरी.
कागदाच्या गिरणीत छत्तीस वर्षं,
बाकीचे कान गमावून घरी बसले,
वेइक्को गेला तसाच परत आला.
हा विनोद त्यानेच वहीत लिहून दाखवला
आणि मी हसेपर्यंत पेन खाली ठेवलं नाही.

हे सगळं मुलाने घेतलेलं, योउनीने.
साखरेच्या डब्याला टेकवलेल्या टॅब्लेटमधून, हेलसिंकीहून,
तो त्यांचे हात मला बोलून दाखवत होता.

मी कौतुकाने सांगितलं :
बटण दाबा, दिवा हळूहळू उमलतो,
डोळ्यांना त्रास नको म्हणून दीड सेकंद घेतो,
विझतानाही तसाच, अदबीने.
आउनेने दाबलं. पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा, भराभर.
उजळू की मावळू या पेचात दिवा
मध्येच कुठेतरी पिवळट उभा राहिला.
तिचे हात हवेत आपटले.
योउनी क्षणभर थांबला, मग म्हणाला,
"आई विचारतेय, यात ओरडायचं कसं?"

तेव्हा कळलं, या घरात हाक दिव्याने मारतात.
दोनदा : जेवायला या.
तीनदा : ऐकतोस का, म्हणजे बघतोस का.
न थांबता खटखट : दूध उतू गेलं,
किंवा पुन्हा ओले मोजे हीटरवर.
मी काढून ठेवलेल्या जुन्या स्विचवर
बोटाच्या पेराएवढा खळगा पडला होता.

आणि हालचाल ओळखणारा सेन्सर,
तो तर चाचणीतच बाद झाला.
हातांनी भांडणाऱ्यांत शेवटचा शब्द
स्विचजवळच्याचा असतो :
आउने दिवा मालवते, विषय संपतो.
अंधारात कोण काय बोलणार?
आता तिने मालवला, वेइक्कोने नुसती करंगळी हलवली
की छतावरचा तो आगाऊ डोळा
दिवा लावून म्हणायचा, बोल, तुझं राहिलंय.
वेइक्कोला सेन्सर फार आवडला होता.
तो मी त्याच्या डोळ्यांदेखत पेटीत टाकला.

मग सेटिंग उघडलं.
उजळण्याचा वेळ : शून्य सेकंद.
मावळण्याचा : शून्य.
दाबताच लख्ख, दाबताच काळं.
आमच्या प्रशिक्षणात याला अडाणी प्रकाश म्हणतात.

बिल लिहायला बसले
तोच स्वयंपाकघर दोन आपोआप विझला, लागला.
विझला, लागला.
मी गेटवेकडे धावले, जोडणी तुटली असणार.
आउने सिंकपासून वळली ती थेट दाराकडे,
कुणीतरी दप्तर टाकून तिथे उभं असावं तशी.
दारात माझे बूट.
टॅब्लेटवर योउनी, हातात फोन,
सातशे किलोमीटरवर चोरी पकडल्यासारखा चेहरा.

व्हिडिओवर ती रोज बोलतात.
पण त्यासाठी आधी समोरासमोर बसावं लागतं.
पाठमोऱ्या आईला हाक मारायला
एकोणीस वर्षांत त्याच्याकडे काही नव्हतं.

तिने टॅब्लेटकडे पाहिलंच नाही.
ओले हात पुसले, भिंतीपाशी गेली, बटण दाबलं.
त्याच्या पडद्यावर उमटलं असेल :
स्वयंपाकघर दोन बंद. चालू. बंद. चालू.
आम्ही याला नोंद म्हणतो.
तिने ओ दिली होती.

वेइक्कोने वही पुढे सरकवली :
रात्री याचं तोंड बंद करता येतं का?
मी लिहिलं, येतं. दहा ते सहा.
आउनेने माझ्या हातातून पेन घेतलं,
दहा खोडलं, सहा खोडलं,
आणि त्या जागी काहीच न लिहिता
पेन मला परत दिलं.