पाठ

फैजपूरच्या पोस्टात एकवीस वर्षं
मी पाकिटं चिकटवली, शिक्के मारले,
आणि एकदाही माझ्या अंगठ्याला कळलं नाही
की स्पंज ओला असतो.

रक्तदाब मोजता मोजता नर्स रेशमा तडवी म्हणाली,
"माय, जेवता तवा बी पावत्याच मोजता का?
एक करा. हात धुवाल तवा
नुसते हात धुवा."
मी हसले. सरकारी सल्ला,
गोळ्यांच्या पाकिटासोबत फुकट.

दुसऱ्या दिवशी नळाखाली हात धरले
तोवर मनानं मी डाळ निवडून, वीजबिल भरून
लीलाधरच्या भाचीच्या साखरपुड्याला जाऊन आले होते.
हात तिथंच,
दावणीला विसरलेल्या गुरांसारखे उभे.

चौथ्या की पाचव्या दिवशी
बोटांच्या बेचक्यात पाणी शिरलेलं कळलं.
आधी कढत, पाइपातलं, उन्हानं उकळलेलं,
मग कोमट,
मग खालून कुठून तरी, बोअरच्या तळातून, गार.
एका हात धुण्यात इतकं घडतं
आणि माझे एकवीस मे महिने
टॉवेलाला पुसून गेले.

मग वेडच लागलं म्हणा.
कळण्याच्या भाकरीचा घास मी गिळेचना.
ज्वारी जिभेवर लगेच येते,
उडीद मागून, जरा लाजत,
आणि ठेचा थेट कानाच्या पाळीत जाऊन बसतो.
लीलाधर म्हणाला, "दाढ दुखते का?"

रविवारी दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत,
शहाबादी फरशीवर पालथी पडले.
सत्तेचाळीस वर्षं जे पोट आत ओढत आले
ते सैल सोडलं.
फरशीनं ते घेतलं, काही न विचारता.
कूलरचा वारा, वाळ्याचा वास घेऊन,
पोटऱ्यांवरून सरकत आला
आणि गुडघ्यांच्या मागे थांबला.
तिथं कुणी कधी थांबलं नव्हतं.
लाज वाटली.
उठून दाराला कडी लावली
आणि परत पडले.

रोज जमतं असं नाही.
शुक्रवारी सर्व्हर बंद पडला, रांग ओरडली,
आणि सुटेपर्यंत मी नुसतं डोकं होते
दोन पायांवर ठेवलेलं.
घरी न जाता केळीत शिरले.
बांधावर हवा तव्याची,
आत दोन पावलं टाकली की ओल्या धुण्याची.
चपला काढल्या.
ठिबकच्या नळीपाशी चिखल
बोटांमधून वर आला, हळूच,
मांजराचं पिल्लू वर येतं तसा.
मी मोठ्यानं "आई गं" म्हटलं
आणि काहीच दुखत नव्हतं.

रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या.
लीलाधरनं सवयीनं पाठीवर हात ठेवला.
तेवीस वर्षं तो हात तिथं येतो
आणि मी त्या वेळी
उद्याच्या डब्यात काय ते ठरवत असते.
आज म्हटलं, थांब.
हळू. खाली. अजून जरा डावीकडे.
"काय हरवलंय का?" तो म्हणाला.
मी म्हटलं, हो.

त्याच्या तळहाताला विळ्याचा घट्टा आहे.
तो जिथून जातो तिथं आधी खरखर,
आणि तिच्या मागून, थोडी उशिरा, ऊब.
मधल्या त्या फटीत
माझा श्वास अडकून बसला होता
आणि मी त्याला ओढून काढला नाही.
डावी बाजू हट्टी आहे माझी.
दोनदा विचारल्याशिवाय बोलत नाही.
मग बोलली, अशी,
की शेजारच्या गच्चीवर कुणी तरी कूस बदलली
आणि आम्ही दोघं उशीत तोंड खुपसून हसलो.

शाळेत बाई विचारायच्या, "पाठ झालं का?"
मी डोळे मिटून म्हणायचे, हो.

"झालं?" लीलाधरनं विचारलं.
नाही, म्हटलं.
पुन्हा एकदा. वरपासून.