ट्रायल

अशोक चौकाच्या पुढं, बंद पडलेल्या लूमच्या शेडला लागून
अंबादास म्याकलचं गॅरेज.
गाडी स्टँडवर लावली तेव्हा दुपारचे दोन,
चपला डांबराला चिकटत होत्या.
कुठं गेला होता, असं त्यानं मला विचारलंच नाही.
गाडीलाच विचारलं.

स्पोकवरून बोट फिरवलं,
जिभेला लावलं.
"खारट."
आणि थुंकला नाही.

एअर फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटला,
तर रव्यासारखी पांढरी वाळू.
आपल्या सीनेला असला रंग नाही.
उकिडवा बसून तो तिला बघत राहिला,
ज्वारीतला खडा शोधावा तसा.

"होडीत घातलीवती काय ओ ताई?"
क्रॅशगार्डवर दोरीचा वळ होता.
हो म्हटलं. खाडी ओलांडून बेट.
सात माणसं, दोन शेळ्या, बर्फाची एक लादी
आणि मधोमध ही, बांधून घातलेली.

"उजवा फूटरेस्ट घासलाय. डावा कोरा.
म्हणजे पाणी डाव्या अंगाला,
बेट उजव्या.
प्रदक्षिणाच घातली म्हणा की."

मला हे तिथं सुचलं नव्हतं.
मी नुसती चालवत होते,
एका बाजूला सुरूची झाडं,
दुसऱ्या बाजूला इतकं पाणी, इतकं,
की चार दिवसाआड येणारा आमचा नळ आठवून
उगाच लाजल्यासारखं झालं.

उंबऱ्यात त्याची बायको चंद्रकला,
मांडीवर विडीचं सूप,
कात्रीनं पान कापत होती, ऐकत होती.

"आणि मागं कोण बसूलालतं?"
त्यानं मागच्या फूटरेस्टच्या रबरातून
चिमट्यानं एक खवला काढला.
उन्हात तो टिकलीएवढा चमकला.

मग सांगितलं.
जेट्टीवर भेटलेली हिराबाई, टोपलीसकट,
तिच्या वाडीपर्यंत.
उतरताना दोन बांगडे देत होती,
मी शेंगाचटणीची पुडी दिली.
तिनं तिथंच चिमूट तोंडात टाकली,
डोळ्यांत पाणी, आणि हसतेय.

"घट्ट धरलंवतं का तिनं तुमाला?"
हे चंद्रकलानं विचारलं.
म्हटलं, नाही ओ. एक हात टोपलीला,
दुसरा मोकळा सोडलेला.
कात्री जरा थांबली.

अंबादास म्हणाला, बाप सांगायचा,
समुद्र म्हणजे शंभर लूम एकदम चालल्यासारखा.
त्यानं कुठं ऐकलावता, देव जाणे.
खरं हाय का?
मी म्हटलं, लूम निदान दिवाळीला तरी थांबायचे.
त्यानं शेजारच्या शेडकडं बघितलं.
कुलपावर कोळिष्टक होतं.

"उद्या या. ट्रायल घ्यावी लागंल."
मी मागचे फूटरेस्ट मिटवून, किल्ली देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी लखलखीत.
टाकी पुसलेली, चेनला तेल,
साबणाचा वास अजून सीटला.
फक्त मडगार्डच्या आत काळ्या मातीचा ओला पट्टा,
टायरात बाभळीचा एक मोडका काटा,
आणि मीटर
एकतीस किलोमीटर पुढं.

"चेन वाजूलालती," तो नटबोल्टच्या डब्यात बघत म्हणाला,
"हिप्परग्याच्या तळ्यापतोर जाऊन बघावं लागलं."
"वळसा घालून?"
"थोडा."

उजवा फूटरेस्ट नव्यानं घासला होता.
मागचे दोन्ही उघडे.
सीटच्या फटीत टेंभुर्णीच्या पानाचा
कात्रीनं कापलेला एक तुकडा.

उंबऱ्यात सूप होतं. ती नव्हती.
आत कुठंतरी भांडी वाजत होती,
आणि भांड्यांच्या वर, जरा मोठ्यानं,
तेलुगूत काहीतरी गुणगुणणं.

फळीवर, प्लगच्या खोक्याशेजारी,
वर्तमानपत्राची एक पुडी, दोऱ्यानं बांधलेली.
वाळूच असणार.
मी मागितली नाही.

किती झाले, विचारलं.
त्यानं ट्रायलचं पेट्रोल वजा करून सांगितलं.
पैसे दिले, किक मारली,
मागचे फूटरेस्ट तसेच उघडे ठेवून
ऊन पुढ्यात घेतलं.