हिलीच्या फाटकाअलीकडे

आमच्या लॉन्ड्रीपासून ओमान
दोन दोऱ्या कपडे वाळत घालावेत एवढंच लांब.
इकडे अल ऐन, तिकडे बुरैमी, मधे तार.
कुंजुमोन सांगतो, पूर्वी तार नव्हती,
तो चपला सरकवून संध्याकाळी पलीकडे मासळी आणायला जायचा
आणि कुठला देश कुठे संपला
याकडे लक्षच नसायचं, लक्ष तारलीच्या भावाकडे.

पलीकडे टायरच्या दुकानात माझा भाऊ आहे, जानू.
गच्चीवर चढलं तर त्याच्या दुकानाची हिरवी पाटी दिसते.
आम्ही भेटतो शिरवलीला,
तीन-चार वर्षांनी, दोघांच्या रजा जुळल्या तर,
दोन वेगळी विमानं, मग एकच एसटी.
आई विचारते, "तुमी थितं शेजारीच ना रं?"

काल सुलैमचा कंदुरा आला धुवायला.
धुण्याआधी खिसा चाचपावा लागतो,
चाचपला तर कार्ड.
एवढ्याशा फोटोत तो हसत नव्हता, पण निवांत होता.
या कार्डावर तो सहा देश फिरतो.
शिक्का नाही, कफील नाही, का आलास नाही,
आपण ओटीवरून मागीलदारी जातो तसा.
एकदा विचारलं होतं मी, ही सवलत कशी मिळाली?
तो म्हणाला, सवलत नाही, हक्क.
आणि चहात साखर टाकली, दोन चमचे.

परवानगी मला ठाऊक आहे.
तिला तारीख असते,
ती दुसऱ्याच्या कपाटात राहते.
माझी मुदीरच्या कपाटात आहे, माझ्याच नावाची.
हक्क हातात धरला तो पहिल्यांदाच.
वजन म्हणाल तर काहीच नाही.
त्याच्या फोटोवर अंगठा ठेवून पाहिलं मी,
नुसतं नाव उरलं.
कोणी बघत नव्हतं.
मग पुसून खणात ठेवलं.

आज रात्री सुलैम घामाघूम.
बुरैमीला जाताना कोणी विचारलं नव्हतं,
येताना अडवलं.
"वीस मिनिटं! मी कोण, हे सांगत उभा होतो,
वीस मिनिटं!"
मी कार्ड दिलं, गार पाणी दिलं.
माझ्याकडे अकरा वर्षं होती सांगायला,
पण गिऱ्हाईक चांगला माणूस आहे,
आणि दुकान बंद करायची वेळ झालेली.

जाता जाता त्यानं गाडीतून पिशवी काढली.
जानूचा शर्ट. दर गुरुवारी येतो,
कॉलरला ग्रीस, तिसरं बटण नेहमी तुटलेलं,
आणि शनिवारी कडक होऊन परत जातो.
शर्टाला फाटकावर कोणी काही विचारत नाही.

खिसा चाचपला. चिठ्ठी:
शिमग्याला रजा टाक. मी टाकली आहे.

मुदीर विचारणार, का.
मी बटण लावलं, दोरा दातानं तोडला,
टोकनाच्या मागे लिहिलं, बघतो,
आणि शर्टाला टाचलं.