चार टक्के

निरुता कुमरे, आशा वर्कर.
फोन काउंटरवर आपटला:
"बॅटरी बदलून दे. दुपारीच मरते."

कुरखेड्याच्या बाजारात सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं,
तरी मी आधी सेटिंग उघडलं.
बॅटरी. वापर.
निळ्या पट्ट्या, एकीखाली एक:
कॅमेरा दोन, स्क्रीन चार,
मोबाईल नेटवर्क एकसष्ट.

"म्हणजे?"
म्हणजे पलसगड सुटलं की टॉवर नाही.
तुमच्या पिशवीत, लोहाच्या गोळ्यांखाली,
हा रानभर हाका मारत फिरतो.
ओ येत नाही, म्हणून आणखी मोठ्यानं.

"रानात हे विमानाचं बटण दाबत जा."
ती हसली. "येथं यष्टी येत नाही, बाबू."
मग म्हणाली, "अन् कोणाची बाई अडली तर?
मोहाच्या टेकाडावर
एक दांडी येते. कधीकधी."

बटण तसंच राहिलं.
बॅटरीही जुनीच. माझे साडेचारशे गेले.

पायरी उतरून ती परत वळली.
"ते चारवालं पान पुन्हा काढ.
फोटो काढून दे त्याचा.
घरी म्हणतात,
दिवसभर मोबाईलच पाहत असते."