उशाकडच्या दोन विटा

खाटेच्या उशाकडच्या पायांखाली
महानंदानं दोन विटा ठेवल्या, त्याला सात वर्षं झाली.
मी उतारावर झोपतो.
सकाळी तळपाय खाटेच्या गातीला टेकलेले,
रात्रभर कुणी खाली ओढत असल्यासारखे.

लातूरच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं.
माझ्या नळीला रोज,
रात्री दोन-अडीचला,
आंबट, कढत, पार कानाच्या मुळापर्यंत.
पाणी वर चढवायला लोकांना मोटार लागते, मी म्हणतो,
आपलं बघ, बिनमोटारीचं.
ती हसत नाही.
अंधारातच चमच्यात गुलाबी औषध ओतते,
एक थेंब सांडत नाही.

अठ्ठावीस वर्षं मी अडतीवर सौदा पुकारतोय.
तुरीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ उघडायची,
सात हजार एक, सात हजार अकरा…
खरेदीदार वीस, आवाज एकट्याचा.
हल्ली अकरावरच घसा बसतो.
शेठ म्हणाले, मन्मथप्पा, भोंगा घ्या.
घेतला.
खरखर तीच, फक्त लांबपर्यंत जाते.

मग नाकातून बारीक वायर घालून एक दिवस, एक रात्र फिरलो.
कमरेला डबी. जळजळलं की बटण दाबायचं.
एक्केचाळीस वेळा दाबलं.
हमाल बसवंत म्हणाला,
अप्पा, कुणाशी बोलूलालाव?

डॉक्टर काझी मॅडमनी चिठ्ठीच्या पाठीवर पिशवी काढली,
पिशवीला तोंड, तोंडाला झडप.
ही सैल पडलीय, मामा.
गोळीनं आंबट कमी होतं, दार उघडं ते उघडंच.
तोंडातून दुर्बीण घालू,
पिशवीचा वरचा काठ नळीभोवती दुमडू,
आतूनच टाचे मारू. पोटावर चीर नाही.

दुमडून शिवणं मला कुणी शिकवू नये.
दाभण, सुतळी,
पोत्याचा काठ दोनदा दुमडला नाही
तर नांदेड नाक्यापर्यंत रस्त्यानं तूर सांडत जाते.

दुसरीही रीत आहे, मॅडम म्हणाल्या,
झडपेच्या स्नायूला जरा जरा शेक द्यायचा.
आणिक एक: तिथलं अस्तर थोडं काढायचं.
जखम भरताना आकसते,
त्या आकसण्यानं तोंड आवळतं.

इथं मी थांबलो.
व्रण असा कामाला येतो
हे इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

तुमची फट लहान आहे म्हणून हे सांगतेय,
मोठी असती तर सरळ ऑपरेशन.
टिकेल किती?
कुणाचं वर्षानुवर्षं. कुणी परत गोळीवर येतात.
माल बघून खरं बोलणारी बाई.
आणि खर्च?
त्यांनी आकडा सांगितला.
जन्मात पहिल्यांदा
आकडा कानावर पडला आणि मी पुढचा पुकारला नाही.

घरी महानंदानं एवढंच विचारलं,
नंतर खायचं काय?
पंधरा दिवस पातळ, मी म्हणालो.
येसर पातळच असते की, ती म्हणाली,
आणि मग स्वतःच हसली, तोंडाला पदर लावून.

रात्री दिवा घालवताना म्हणाली,
शिवून आलात की विटा काढू?
राहू दे, म्हटलं.
पोतं शिवलं तरी
गाडी हलेपर्यंत माणूस त्यावर हात ठेवून असतो.
तिनं ऐकलं का माहीत नाही.
अडीचला चमचा वाजला.