बहिणी, ऐकू येतंय का_

कुरेसारे. संग्रहालयाचं तळघर, नोव्हेंबर.
उर्वे जुन्या यंत्रातले आवाज
नव्या यंत्रात नेते आहे.

तीनशे बारा गेले. एक अडतो.
‘बहिणी, ऐकू येतंय का?’
हेल्मी म्हातारीनं एक्याऐंशी साली
समुद्रापलीकडे पळालेल्या बहिणीला
टेपवर विचारलेलं.

नवं यंत्र म्हणतं, नावात प्रश्नचिन्ह चालत नाही.
तिरपी रेघ नाही, दोन टिंबं नाहीत, तारा तर नाहीच.
‘मग विचारायचं कसं,’ उर्वे पुटपुटते,
आणि प्रश्नाच्या जागी अंडरस्कोर घालते :
जमिनीलगत निजलेली एक रेघ.

फाइल जाते. पण फोल्डरात दोन दिसतात.
त्यांच्या भाषेत बहीण ज्या अक्षरानं सुरू होते
त्या ओच्या डोक्यावर एक लाट असते.
एका यंत्रानं लाट अक्षरासकट घट्ट धरलेली,
दुसऱ्यानं ओ वेगळा लिहून
लाट नुसती वर ठेवलेली.
पडद्यावर दोघी अगदी सारख्या,
यंत्राच्या लेखी ओळखदेख नाही.

एक पुसायची, म्हणून उर्वे आधी ऐकून बघते.
खरखर. चुलीत लाकूड तडकतं. मग हेल्मी.

या बेटावर तो स्वर जिभेला वळतच नाही,
मुख्य भूमीवरचे हसतात त्यावरून.
हेल्मीही बहिणीला चुकीच्याच स्वरानं हाक मारते.
लाट कुठेच नाही.

मग ती थांबते,
उत्तर येईल असं वाटून
माणूस थांबतं तेवढी.

टेप फिरत राहते.

उर्वे दोन्ही फायली ठेवते.